बडोद्यात घराला बाहेरून रंग आणि लाकडी डेकला स्टेन: कारीगर शोधण्यापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

नवरात्र संपत आलं की बडोद्यातल्या मराठी घरांत एकच चौकशी सुरू होते: "बाहेरून रंग द्यायचाय, चांगला रंगारी आहे का कोणी?" कोणी नोकरीसाठी पुण्या-नाशिकहून येऊन भायली-गोत्रीकडे रो हाउस घेतलेलं असतं, कोणाच्या ताब्यात दांडिया बाजार-रावपुऱ्याकडचं आजोबांचं जुनं घर आलेलं असतं. दोघांनाही नंबर हवा असतो. माझं सांगणं असतं की नंबर घ्याच, पण त्या माणसाला पहिला प्रश्न दराचा विचारू नका. डबा उघडण्याआधी तो काय काय करणार, ते विचारा. बाहेरचा रंग तीन वर्षांत उतरतो की आठ वर्षं टिकतो, हे बरंचसं त्या उत्तरावर ठरतं.

आमचं स्वतःचं सागवानी गॅलरीचं जुनं घर आणि बहिणीचं गच्चीवर लाकडी डेक (उघड्यावरची फळ्यांची जमीन) असलेलं नवं रो हाउस, अशी दोन्ही कामं मी उभं राहून करून घेतली आहेत. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहिते.

१. आधी महिना ठरवा

दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे टाळा. तेव्हा अख्ख्या शहराला एकदम रंगाची आठवण होते. चांगले कारीगर आधीच बांधलेले असतात आणि जे मिळतात ते सकाळी प्राइमर, दुपारी पहिला हात, संध्याकाळी दुसरा हात अशी उरकाउरकी करतात. शिवाय चार महिने पाऊस प्यायलेली भिंत ऑक्टोबरात वरून कोरडी दिसली तरी आतून ओलीच असते.

दिवाळीनंतर लाभपाचमेला दुकानं पुन्हा उघडली की खरा हंगाम सुरू होतो, तो फेब्रुवारीअखेरपर्यंत. मध्ये उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, येतं. १४ आणि १५ जानेवारीला कारीगर येणार नाहीत हे गृहीत धरा, आणि गच्चीवरचा डेक त्या आठवड्यात मुळीच काढू नका. अख्खं घर वर चढलेलं असताना ओल्या स्टेनवर (लाकडात मुरणाऱ्या रंगावर) पाय पडल्याशिवाय राहत नाहीत. होळीचंही लक्षात ठेवा. दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूरकडचे मजूर होळीला गावी जातात आणि लगेच परतत नाहीत. परांची बांधून ठेवलेली, भिंत अर्धी खरवडलेली आणि माणूस गावी, ही पाळी स्वतःवर आणू नका.

एप्रिल-मे नकोच. पारा चाळिशी ओलांडतो, रंग भिंतीवर पसरण्याआधीच सुकायला लागतो, ब्रशचे फटकारे उठून दिसतात. लाकडाचं तर त्याहून वाईट होतं: फळी इतकी तापते की स्टेन आत मुरायच्या आधीच वर चिकट थर बनून बसतो.

२. कारीगर बोलावण्याआधी घराभोवती एक चक्कर मारा

वही आणि पेन्सिल घेऊन निघा. तळहात भिंतीवर घासा. पांढरी भुकटी हाताला लागली तर जुना रंग सुटलाय, त्यावर थेट नवा हात बसणार नाही. बोटाच्या पेराने प्लास्टरवर टकटक करा. पोकळ आवाज येईल तिथलं प्लास्टर भिंतीपासून सुटलेलं आहे, ते तोडून पुन्हा करावं लागेल, आणि ते काम रंगाऱ्याचं नाही, गवंड्याचं आहे. जोत्याजवळ लोणा (भिंतीतून बाहेर येणारे पांढरे क्षार) फुटलाय का, खिडकीच्या छज्ज्याखाली काळे ओघळ आहेत का, पाइप भिंतीत शिरतो तिथे ओल आहे का, सगळं टिपून ठेवा. फोटोही काढा.

ओलीची शंका असेल तिथे हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावून एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर भिंत अजून तयार नाही. नवं प्लास्टर असेल तर किमान २८ दिवस जाऊ द्या.

विश्वामित्रीच्या काठच्या भागात घर घेतलं असेल तर ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाणी किती चढलं होतं, ते शेजाऱ्यांना विचारा. पुरात भिजलेल्या विटांमधलं पाणी महिनोन्महिने बाहेर येत राहतं आणि येताना क्षार घेऊन येतं. अशा भिंतीवर घाईने वॉटरप्रूफ रंग फासला की ओल आत कोंडते आणि खालच्या दोन-तीन फुटांत पोपडे सुटतात. घर विकताना असा ताजा रंग दिलेला असू शकतो, म्हणून खालचा भाग हाताने चाचपून बघा.

जुन्या शहरातल्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट. भिंती चुन्याच्या असतील, म्हणजे खरवडल्यावर आतून मऊसर, पांढरट किंवा सुरखीचा (विटांच्या भुकटीचा) गुलाबी माल निघत असेल, तर त्यावर प्लास्टिक रंगाचा आग्रह धरू नका. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर न श्वास घेणारा थर चढवला की तो थर प्लास्टरला घेऊन खाली येतो. अशा भिंतीला चुन्याची सफेदीच बरी. ती स्वस्त आहे म्हणून दुकानदार सुचवणार नाही, तुम्हालाच मागावी लागेल.

३. माणूस शोधणं

सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे आपल्या भागात फिरून, रंग देऊन निदान दोन पावसाळे झालेलं आणि अजून नीट दिसणारं घर हेरणं आणि बेल वाजवणं. बडोद्यात लोक आनंदाने नंबर देतात, वर चहाही विचारतात. कालच रंगवलेलं घर पाहून काही कळत नाही, पहिल्या दिवशी सगळंच छान दिसतं.

दुसरा मार्ग रंगाच्या दुकानाचा. दुकानदाराचे ठरलेले कारीगर असतात. काम बरं असतं, पण माल त्याच दुकानातून घ्यावा लागतो. तिसरा, रंग कंपन्यांच्या स्वतःच्या पेंटिंग सेवा: कागदपत्रं नीटनेटकी, दर चढे, आणि हात मात्र शेवटी स्थानिक ठेकेदाराच्या माणसांचाच. सकाळी कडियानाक्यावर (मजूर अड्ड्यावर) उभे असलेले मजूर रोजावर मिळतात. खरवडण्या-धुण्यासाठी ते घ्या, पण पूर्ण काम रोजावर देऊ नका, नाहीतर मुकादमाचं काम तुम्हालाच करावं लागेल.

भिंतीचा रंगारी आणि लाकडाचा पॉलिशवाला ही दोन वेगळी माणसं आहेत, हे पक्कं ध्यानात ठेवा. "डेकपण करी आपीश" (डेकही करून देईन) असं रंगारी सहज म्हणून टाकतो. त्याने बाहेर उन्हात असलेलं लाकूड कधी केलंय का, ते दाखवायला सांगा. घरातलं फर्निचर पॉलिश करणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारा, कारण आतलं आणि बाहेरचं पॉलिश यांत फार अंतर आहे.

निदान तिघांना घर दाखवा आणि ते काय बघतात ते तुम्ही बघा. आमच्याकडे पहिले दोघे फाटकातूनच वर नजर टाकून दर सांगून मोकळे झाले. तिसरे, साठीच्या पुढचे एक काका, काही न बोलता गॅलरीखाली गेले. खिशातून किल्ली काढून त्यांनी तुळईच्या टोकाला टोचली, किल्ली बोटभर आत गेली. मग मान वर करून गच्चीच्या पन्हळीकडे बघितलं आणि म्हणाले, "बेन, पहेला पाणी बंध करो, पछी कलर." पन्हळ फुटलेली होती, पाणी वर्षानुवर्षं त्या तुळईवर झिरपत होतं. काम त्यांनाच दिलं. त्यांचा दर तिघांत मधला होता.

४. मोजमाप तुम्ही करा

दर चौरस फुटाने सांगतात, म्हणून भांडण नेहमी चौरस फुटांवरून होतं. स्वतः टेप घेऊन मोजा. घर ३० बाय ४० फूट असेल तर घेर १४० फूट. उंची २० फूट धरली तर भिंत २,८०० चौरस फूट. दारं-खिडक्यांचे साधारण १५ टक्के वजा केले की २,३८० उरतात.

आता आधीच विचारून ठेवा: खिडक्या वजा करणार की नाही? गच्चीच्या कठड्याची आतली बाजू धरली आहे का? छज्जे वरून-खालून दोन्हीकडून मोजणार का? ग्रिल, पाइप, फाटक यांचा दर वेगळा आहे का? हे सुरुवातीला न बोलल्यामुळे शेवटच्या बिलात आकडा फुगतो, आणि कारीगर त्यात खोटंही बोलत नसतो. त्याची मोजायची पद्धत तीच असते.

बाहेरचा इमल्शन (पाण्यात मिसळायचा) रंग चांगल्या भिंतीवर दोन हात मिळून लिटरला साधारण ५० चौरस फूट चालतो. म्हणजे वरच्या घराला ४८ लिटर, २० लिटरच्या दोन बादल्या आणि एक १० लिटरची. खरबरीत भिंत जास्त पिते. तुमच्या डब्यावर काय लिहिलंय ते बघून हिशेब करा. कोणी ८० लिटर सांगितलं तर कारण विचारा, आणि २५ सांगितलं तर नक्कीच विचारा, कारण मग तो पाणी जास्त घालणार आहे.

५. कामाचा कागद

साध्या वहीचं पान चालतं, दोघांची सही हवी. गुजरातीत किंवा हिंदीत लिहा, कारीगराला वाचता आलं पाहिजे. त्यात हे असू द्या:

- खरवडणं, धुणं, भेगा भरणं, प्राइमरचा एक हात, रंगाचे दोन हात, प्रत्येक गोष्ट स्वतंत्र ओळीत
- मालाचं पूर्ण नाव, नुसतं "ॲपेक्स" किंवा "वेदरकोट" नको, कारण एकाच नावाखाली स्वस्त-महाग तीन-चार प्रती असतात
- शेडचा नंबर
- मोजमाप, दर, आणि दर मालासकट की नुसत्या मजुरीचा
- परांची कोणाची, तिचं भाडं कोण देणार
- हप्ते कधी आणि किती
- कचरा, रंगाचे डाग, काचा साफ करणं कोणाकडे

तुमच्याकडून लागतील ते कागद: सोसायटीत घर असेल तर चेअरमनची लेखी परवानगी (काही सोसायट्यांत बाहेरचा रंग ठरलेला असतो, तो आधी विचारा), भाड्याचं घर असेल तर मालकाची चिठ्ठी, आणि ठेकेदाराच्या आधार कार्डाची प्रत. तो जी माणसं पाठवेल त्यांची नावंही घ्या, गेटवर विचारतात.

६. माल स्वतः घ्या, पण कारीगराला घेऊन जा

माल तुम्ही घेतलात तर पक्कं बिल तुमच्या नावावर होतं. कंपनीच्या वॉरंटीचा उपयोग व्हायचा असेल तर ते लागतंच. ही वॉरंटी बहुधा मालाची असते, मजुरीची नाही, म्हणून "सात वर्षांची वॉरंटी" ऐकून हुरळून जाऊ नका.

बऱ्याच बादल्यांमध्ये कारीगरासाठी टोकन किंवा पॉइंट असतात. त्यामुळे तो एखाद्या ब्रँडचा जास्त आग्रह धरू शकतो. मी हे उघडपणे बोलते: टोकन तुमचंच, माल मी सांगेन तो. यात कोणाचा अपमान होत नाही, आणि आग्रहाचं कारण निघून गेलं की सल्लाही खरा मिळतो.

सगळ्या बादल्या एकाच दिवशी मशीनवर रंगवून घ्या. मशीनवर रंगवलेला माल दुकान परत घेत नाही, पण एखादी बादली महिनाभराने वेगळी आणली तर भिंतीवर फरक दिसू शकतो. झाकणावरच्या शेडच्या स्टिकरचा फोटो काढा. सील तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि काम संपेपर्यंत रिकाम्या बादल्या अंगणातच राहू द्या.

गडद शेड पश्चिमेच्या भिंतीवर लवकर विटतात. हवीच असेल तर पोर्चच्या आतल्या भिंतीवर घ्या.

७. भिंतीचं काम सुरू असताना

इथे तुम्ही हजर असायलाच हवं असे दोनच दिवस आहेत. पहिला खरवडण्याचा. सुटलेला रंग पूर्ण निघाला पाहिजे, शेवाळ तारेच्या ब्रशने घासून धुतलं पाहिजे आणि भिंत पुन्हा सुकली पाहिजे. दुसरा दिवस रंगात पाणी घालण्याचा. डब्यावर प्रमाण लिहिलेलं असतं. मोजायला एक लिटरचं माप तुम्हीच आणून द्या. "अंदाज आहे बेन" म्हणतील, तरी माप वापरायला लावा.

भेगांवरून नुसती पुट्टी फिरवू देऊ नका. भेग आधी टोकदार हत्याराने रुंद करून तिच्यात बाहेरच्या वापराचं क्रॅक फिलर भरायचं असतं. आतल्या भिंतींची ॲक्रिलिक पुट्टी बाहेर चालत नाही, ती पावसात फुगते. सकाळी पश्चिमेची बाजू, दुपारनंतर पूर्वेची, म्हणजे रंग नेहमी सावलीत लागतो. दोन हातांमध्ये निदान चार ते सहा तास.

जुन्या घरात दारं-खिडक्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर असतील तर ते कोरडे घासू देऊ नका. भारतात घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९०) मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक असते. पाणी लावून घासायला सांगा, खाली प्लास्टिक अंथरा, निघालेला कचरा झाडांच्या कुंड्यांत जाऊ देऊ नका, आणि त्या दोन दिवसांत मुलांना आजीकडे पाठवा.

८. लाकूड: डेक, गॅलरी, झोपाळा

आधी डेक कशाचा आहे ते पाहा. नव्या घरांत बिल्डर बऱ्याचदा डब्ल्यूपीसी लावतात, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण. त्यात साधा लाकडाचा स्टेन मुरत नाही. तो नुसता धुवायचा. कापलेल्या टोकाकडे बघा: शिरा दिसल्या तर लाकूड, सगळीकडे एकसारखा, शिरा नसलेला माल किंवा आतून पोकळ दिसलं तर डब्ल्यूपीसी. बहिणीकडे एका पॉलिशवाल्याने स्टेनचा दर न बघताच सांगितला होता. टोक आम्ही दाखवलं तेव्हा कळलं की अर्धा डेक लाकडी आहे आणि जिन्यापाशी वाढवलेला भाग डब्ल्यूपीसीचा.

खरं लाकूड असेल तर पाण्याचे चार थेंब टाका. ते मोत्यासारखे वर बसून राहिले तर जुनं फिनिश अजून आहे किंवा लाकूड तेलकट आहे, स्टेन मुरणार नाही, आधी घासावं लागेल. काही मिनिटांत शोषले गेले तर लाकूड तयार आहे.

आता सगळ्यात मोठा सापळा. पॉलिशवाल्याच्या हाताला मेलामाइन आणि लाखेचं पॉलिश सवयीचं असतं. दोन्ही घराच्या आतल्या लाकडासाठी आहेत. उन्हापावसात मेलामाइन तडकतं, पिवळं पडतं आणि सालपटं निघतात, मग ते काढायला दुप्पट मजुरी. बाहेरच्या उभ्या लाकडाला, म्हणजे कठडा, खांब, दार यांना बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश चालतं, डब्यावर तसं लिहिलेलं हवं. पण ज्यावर पाय पडतात त्या डेकला वर थर करणारं काही लावूच नये. आत मुरणारा, तेलाचा, रंगद्रव्य असलेला स्टेन घ्या. तो विरत जातो, सोलत नाही, आणि पुढच्या वेळी धुऊन वरून एक हात मारला की झालं. पूर्ण पारदर्शक तेल दिसायला सुंदर, पण ऊन अडवायला त्यात काही नसतं, म्हणून लाकूड लवकर राखाडी पडतं.

कामाचा क्रम असा. आधी वाळवी आणि कुजलेल्या फळ्या: सुरीचं टोक सहज आत गेलं तर ती फळी बदलायची, भरायची नाही. वर आलेले स्क्रू आत घ्या. राखाडी पडलेलं सागवान ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने धुतलं की मूळ रंग परत येतो. हातमोजे आणि चष्मा घालून, आणि नंतर भरपूर पाण्याने स्वच्छ धुऊन. दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्या. मग ८० नंबरचा काचपेपर, त्यावर १२०. त्याहून बारीक घासायचं नाही, लाकूड फार गुळगुळीत झालं की स्टेन पीत नाही. हे पॉलिशवाल्याला मुद्दाम सांगावं लागतं, कारण फर्निचरवर तो ३२० पर्यंत जातो आणि गुळगुळीतपणा हाच त्याचा अभिमान असतो.

भेगांत खडूची पूड आणि रंग कालवून भरायची पद्धत आहे. बाहेर ती पहिल्या पावसात धुऊन जाते. डेकच्या बारीक भेगा तशाच राहू द्या.

हिवाळ्यात सकाळी दव असतं, म्हणून काम दहानंतर आणि सावली बघून. आधी जुन्या फळीच्या तुकड्यावर किंवा कोपऱ्यात रंग लावून बघा, डब्यावरचं चित्र आणि तुमचं लाकूड यांचा रंग जुळत नाही. स्टेन डबा ढवळत ढवळत लावायचा. एक-दोन फळ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण करायच्या, मध्येच थांबलं की तिथे कायमचा पट्टा उमटतो. दहा-पंधरा मिनिटांनी वर राहिलेलं फडक्याने पुसून घ्यायचं. कापलेल्या टोकांना दोन वेळा पाजायचं, पाणी तिथूनच शिरतं.

आणि ही फडकी! जवसाच्या किंवा तत्सम सुकणाऱ्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. काडी लावावी लागत नाही. पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवा, किंवा एकेक उघड्यावर पसरून वाळवा. घर लाकडी असेल तर रोज संध्याकाळी कारीगर जाण्याआधी हे स्वतः तपासा.

९. परांचीवरची माणसं

पहिल्या मजल्यावर काम असेल तर दोर आणि कमरेचा पट्टा दरात धरून मागा. बाल्कनीजवळून विजेची तार जात असेल तर परांची बांधण्याआधी वीज कंपनीला कळवा. दुपारी बारा ते तीन परांचीवर कोणी नको. प्यायचं पाणी आणि सावली आपण द्यायची.

१०. पैसे आणि शेवटची पाहणी

सुरुवातीला एकूण रकमेच्या पाचव्या भागापेक्षा जास्त देऊ नका. खरवडणं-भरणं पूर्ण झाल्यावर दुसरा हप्ता, पहिला हात झाल्यावर तिसरा, आणि निदान पाचवा भाग शेवटच्या पाहणीपर्यंत राखून ठेवा. यूपीआयने द्या, नोंद राहते. परांची उतरवण्याआधी पाहणी करा, नंतर वरच्या कोपऱ्यासाठी कोणी पुन्हा बांबू बांधणार नाही. सकाळी नऊच्या तिरप्या उन्हात भिंत बाजूने बघा, सुटलेल्या जागा तेव्हाच दिसतात. छज्ज्याची खालची बाजू, पाइपामागची पट्टी आणि कठड्याचा माथा या तीन जागा हमखास राहतात.

उरलेला रंग लहान घट्ट झाकणाच्या डब्यात काढून त्यावर शेड नंबर, तारीख आणि कुठल्या भिंतीचा ते लिहा, सावलीत ठेवा. डेकवर पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर पुन्हा पाण्याचे चार थेंब टाकून बघा. शोषले गेले तर लाभपाचमेनंतरची तारीख पॉलिशवाल्याकडून आताच घेऊन ठेवा.